डेडहेड की ब्लॅक फ्लॅग? ‘बॉइज ऑफ समर’चा घोळ

‘द बॉइज ऑफ समर’ हे मुळात अटारिसचं गाणं नव्हे. 2003 साली इंडियानातल्या या पॉप-पंक बँडने ते गाजवलं, बिलबोर्ड या अमेरिकी लोकप्रियतेच्या यादीत 20व्या क्रमांकापर्यंत नेलं, पण गाणं डॉन हेन्लीचं, 1984चं. संगीत टॉम पेटीच्या बँडमधल्या माइक कॅम्पबेलचं. आणि ‘ईगल्सचं गाणं’ म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. हेन्ली ज्या बँडमध्ये होता ते ईगल्स 1980मध्येच फुटले होते; हे गाणं त्याचं एकट्याचं.

कानाला कळणारा फरक सगळ्यांना ठाऊक आहे. हेन्लीकडे ड्रम मशीन, सिंथ (सिंथेसायझर) आणि मधूनमधून डोकावणारी कॅम्पबेलची गिटार. अटारिसकडे डिस्टॉर्शन लावलेल्या, खरखरीत आवाजाच्या गिटारी आणि खरेखुरे ड्रम. मोकळा पडलेला किनारा, जिच्या घरावरून गाडी न्यायची पण ती घरी नाही हे माहीत असलेली मुलगी, तिचा गॉगल, हे सगळं दोन्हीकडे तेच.

खरी मेख शेवटच्या कडव्यातल्या एका ओळीत आहे. हेन्लीला रस्त्यावर कॅडिलॅक या महागड्या गाडीवर ‘डेडहेड’ स्टिकर दिसतो. अटारिसचा गायक क्रिस रो तिथे ‘ब्लॅक फ्लॅग’ म्हणतो. दोन्हीकडे दोनच अक्षरांचे ठोके, त्यामुळे चाल जराही हलत नाही आणि बदल कानावरून निसटतो. ज्यांच्या लक्षात येतो तेही ‘आवडत्या बँडचं नाव घुसडलं’ म्हणून सोडून देतात. ते मात्र पटत नाही.

डेडहेड म्हणजे कवटी-बिवटी नव्हे; ग्रेटफुल डेड या सॅन फ्रान्सिस्कोच्या हिप्पी बँडमागे गावोगाव फिरणारे चाहते. पैशाला तुच्छ मानणारी ही पिढी 1984पर्यंत कॅडिलॅकमध्ये बसली होती, आणि श्रीमंतीची खूण असलेल्या गाडीला तरुणपणाची आठवण चिकटवून हिंडत होती. ओळीतला टोमणा तो. ब्लॅक फ्लॅग हा हर्मोसा बीचचा हार्डकोर पंक बँड, 1976चा. काळ्या चार पट्ट्यांचं चिन्ह, रेकॉर्ड काढायच्या त्याही स्वतःच्याच लेबलवर. 1984मध्ये हा बँड चालू होता आणि त्याचे चाहते पोरसवदा होते. तेव्हा त्यांचा स्टिकर कॅडिलॅकवर दिसला असता तर पोराने बापाची गाडी आणली असंच वाटलं असतं. 2003पर्यंत तीच पोरं चाळिशीला टेकली. म्हणजे रोने नाव बदललं ते टोमणा शाबूत ठेवायला. ‘डेडहेड’ तसंच ठेवलं असतं, तर पंचविशीतला गायक आपल्या आईबापांच्या पिढीची हळहळ उसनी गातोय असं झालं असतं.

म्हणूनच अटारिसच्या वेगात गिटार बडवत मूळचे शब्द गाणारे कव्हर बँड (दुसऱ्यांची गाणी वाजवणारे) डोक्यात जातात. इंटरनेटवरच्या शब्दांच्या पानांवर दोन्ही पाठांची सरमिसळ असते; तिथून उतरवून घेताना आधी ही ओळ तपासा. संथ, सिंथवर वाजवत असाल तर डेडहेड. जोरात वाजवत असाल तर ब्लॅक फ्लॅग. स्वतःच्या आवडीचा तिसरा बँड घालायचा असेल तर दोन अटी: नाव दोन ठोक्यांत बसलं पाहिजे, आणि त्याचे चाहते एकेकाळी महागड्या गाडीला नाक मुरडणारे हवेत. एखाद्या चकचकीत पॉप बँडचा स्टिकर कॅडिलॅकवर असला तर त्यात बघण्यासारखं काय?

दोन्हींतलं एकच निवडायचं तर मूळ गाणं हेन्लीचंच वरचढ. ती ओळ मात्र रोची जास्त बोचते.