वाद चोविसाव्या आठवड्याचा, सोय हवी नवव्याची

गर्भपाताचा विषय निघाला की एकीकडे बाईचा हक्क, दुसरीकडे गर्भाचा जीव, अशी ओढाताण सुरू होते. आपल्या कायद्याने १९७१ सालीच या दोन्हींमध्ये आठवड्यांच्या पायऱ्या घातल्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोघांचं लागतं, तेही बलात्कारपीडित, अल्पवयीन, नुकतीच विधवा झालेली अशा ठरावीक स्त्रियांसाठी. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. आईच्या जिवावर बेतलं तर मुदत आड येत नाही.

आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकली तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवसांपर्यंत करता येतो. हातात उरतो जेमतेम महिना. कोकणात तो कसा जातो? नवरा मुंबईला, म्हणून ‘गणपतीत आला की बघू’ असं घरात ठरतं; कुठे कुठे दवाखान्यातही त्याची सही मागतात. कायदा ती मागत नाही. १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी आहे.

पद्धत साधी असली तरी डॉक्टरशिवाय करायची नाही. आधी २०० मिलिग्रॅम मिफेप्रिस्टोन. ते गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम थांबवतं. मग २४ ते ४८ तासांनी ८०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल. त्याने गर्भाशय आकुंचन पावून गर्भ बाहेर पडतो. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिला असेल तर गोळ्या चालत नाहीत आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो, म्हणून तपासणी आधी. रक्त फार कमी असेल किंवा तांबी बसवलेली असेल तर तेही आधीच सांगावं. सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजले तर थांबू नये, रुग्णालय गाठावं. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवीच, कारण काही वेळा गर्भाचा भाग आत राहतो.

लिंगनिवडीच्या भीतीने या गोळ्याच ठेवायला नकोत, असं काही जण म्हणतात. भीती खरी आहे, पण नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीत लिंग खात्रीने कळत नाही. गोळ्या अडवून लिंगनिवड थांबत नाही. त्यासाठी सोनोग्राफी केंद्रांवर गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा नीट राबवायला हवा.

दोन्ही बाजूंना पटावी अशी जागा इथेच आहे. उशिराचा गर्भपात ज्यांना सलतो त्यांनीही लवकरच्या सेवेसाठी आग्रह धरावा. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राला यासाठी वेगळी मान्यता लागत नाही. लागतो प्रशिक्षित डॉक्टर, गोळ्यांचा साठा आणि रक्तस्राव वाढलाच तर भर पावसात, रात्रीसुद्धा जिल्हा रुग्णालयापर्यंत नेणारी गाडी.