लहान मुलांचं बीपी आणि व्हिडिओ कॉलवरचा फार्मासिस्ट

उच्च रक्तदाब असलेल्या मुलाच्या दोन अपॉइंटमेंटच्या मधे जे दीड-दोन महिने जातात त्या काळात त्याच्या औषधावर लक्ष ठेवायचं काम फार्मासिस्टने करायचं, तेही फोनवर नाहीतर व्हिडिओ कॉलवर, घरी मोजलेले आकडे समोर ठेवून, अशी ही पद्धत. ही मुळात अमेरिकेतली. आपल्याकडे फार्मासिस्ट म्हटलं की मेडिकलवाला आठवतो, काउंटरच्या पलीकडे उभा राहून कात्रीने गोळ्यांची स्ट्रिप कापून देणारा, पण इथे तो माणूस वेगळा आहे. हा फार्म.डी. (औषधशास्त्रातली डॉक्टरेट) शिकलेला, बऱ्याचदा त्यावर रेसिडेन्सी म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण केलेला, आणि मुलांच्या किडनीच्या किंवा हार्टच्या क्लिनिकमध्येच बसणारा असतो, दुकानात नाही. निदान डॉक्टरच करतात. मग डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्यात एक लेखी करार होतो, की अमुक आजारात अमुक मर्यादेपर्यंत डोस कमी-जास्त करायचा, रक्ताची तपासणी सांगायची. त्या चौकटीत तो स्वतः निर्णय घेतो. चौकट केवढी मोठी ते राज्याराज्यावर आहे, काही राज्यांत बरीच मोकळीक, काही ठिकाणी प्रत्येक गोष्टीला डॉक्टरची सही.

मुलांचं बीपी हा प्रकार मोठ्यांपेक्षा इतका वेगळा का, ते आधी बघू, कारण फार्मासिस्टचं निम्मं काम तिथूनच निघतं. मोठ्या माणसाचा ११८/७६ आला तर डॉक्टर "छान" म्हणून पुढे जातात, पण हाच आकडा पाच वर्षांच्या मुलाचा असेल आणि पुन्हापुन्हा तसाच येत असेल तर तो उच्च रक्तदाबात मोडतो. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१७ मध्ये जी नियमावली काढली तिच्यात १३ वर्षांखालच्या मुलांसाठी एक ठरावीक आकडाच नाही. वय, मुलगा की मुलगी आणि उंची हे तिन्ही धरून तक्ता बघायचा आणि ९५व्या पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे तशाच शंभर मुलांतल्या ९५ जणांपेक्षा जास्त) तीन वेगवेगळ्या भेटींत गेलं तर हायपरटेन्शन म्हणायचं. १३ पासून पुढे मात्र मोठ्यांसारखं सरळ १३०/८०. चटकन चाळणी लावायला एक छोटा तक्ताही आहे, त्यात पाच वर्षांच्या मुलाला १०३/६३ च्या पुढे गेलं की नीट बघा म्हणतात. अमेरिकेत साधारण ३.५ टक्के मुलांना हा त्रास आहे असं तीच नियमावली सांगते. लहान वयात हे सापडलं तर कारण बऱ्याचदा किडनीत किंवा रक्तवाहिनीत निघतं, मोठ्या मुलांत वजनाचा भाग वाढत जातो.

आता घरचं मोजणं. पट्टा म्हणजे कफ, आणि सगळा घोळ तिथेच. कफच्या आतल्या हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान ४० टक्के हवी आणि लांबी ८० ते १०० टक्के, पट्टा लहान पडला की बीपी उगाच जास्त दाखवतो. घरात आजोबांसाठी आणलेलं मशीन असतं, तोच पट्टा नातवाच्या काडीएवढ्या दंडाला गुंडाळला तर आकडा चुकणारच, तिथे तो मोठा पडतो आणि बीपी कमी दाखवतो. म्हणून पहिल्या व्हिडिओ कॉलला फार्मासिस्ट आकडे विचारत नाही, आधी आईला कॅमेरा दंडाकडे धरायला सांगतो, टेपने घेर मोजायला लावतो. मूल पाच मिनिटं शांत बसलंय का, पाठ टेकलीय का, पाय लोंबकळतायत की खाली टेकलेत, हात छातीच्या पातळीवर आहे का, उजवाच आहे का (तक्ते उजव्या हाताच्या मोजणीवर आहेत, शिवाय महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, अरुंद असेल तर डावा हात फसवा आकडा देऊ शकतो). हे सगळं क्लिनिकमध्ये नर्स बघते, घरी बघणारं कोणी नसतं. मनगटावरचं मशीन चालत नाही. आणि मुलांवर तपासून पास झालेली मशीन मुळातच थोडी, त्यामुळे घरचे आकडे फक्त उपचार कसा चाललाय ते बघायला वापरायचे, त्यावरून निदान करायचं नाही. डॉक्टरांना बघूनच बीपी चढणारी मुलं असतात, उलट क्लिनिकमध्ये नॉर्मल आणि घरी जास्त अशीही असतात, त्यांच्यासाठी २४ तास दंडाला बांधून ठेवायचं मशीन असतं.

पण फार्मासिस्टची खरी गरज औषधाच्या बाटलीत आहे असं मला वाटतं. बीपीच्या गोळ्या मोठ्यांसाठी बनतात. चार वर्षांचं, १५ किलोचं मूल घ्या, अ‍ॅम्लोडिपिन हे बीपीचं औषध किलोमागे ०.१ मिलिग्रॅमने सुरू करायचं म्हणजे १.५ मिलिग्रॅम, आणि बाजारात गोळी २.५, ५ किंवा १० ची. मग गोळ्या कुटून पातळ औषध बनवतात, किंवा कंपनीचं तयार घेतात, अमेरिकेत अ‍ॅम्लोडिपिनचं तयार सस्पेन्शन (पातळ औषध) २०१९ मध्ये मंजूर झालं, लिसिनोप्रिल या बीपीच्या दुसऱ्या औषधाचं त्याआधी २०१६ मध्ये. समजा बाटलीवर लिहिलंय १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम, तर द्यायचं दीड मिलिलिटर. घरात कोणी एक चमचा म्हणून ५ मिलिलिटर ओतलं की झालं, तिपटीपेक्षा जास्त डोस. कॉलवर फार्मासिस्ट म्हणतो, बाटली आणा, हलवा, सिरिंजमध्ये भरा आणि कॅमेऱ्यासमोर धरा. बाटली न हलवता दिली तर वरचं पाणी पोटात जातं आणि औषध तळाशी बसतं, मग शेवटच्या आठवड्यात तेच घट्ट औषध. शिवाय क्लिनिकची बाटली एका ताकदीची आणि दुसऱ्या दुकानातून भरलेली दुसऱ्या ताकदीची असू शकते, मिलिलिटर तेच राहतात आणि मिलिग्रॅम बदलतात. ही चूक एवढी साधी आहे की कोणाच्या लक्षात येत नाही.

बाकी कॉलमध्ये काय चालतं? बरंचसं विचारपूसच. घरात दुसरं कुठलं औषध चालू आहे, कारण नाक मोकळं करायच्या सर्दीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, स्टिरॉइड, एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) औषधं हे सगळं बीपी वर नेऊ शकतं आणि आईवडील त्याला "औषध" धरतच नाहीत. लिसिनोप्रिल किंवा त्याच जातीचं एनालाप्रिल असेल तर कोरडा खोकला आहे का, सुरू केल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची (किडनीचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) तपासणी झाली का, जुलाब-उलट्या लागल्या तर ते औषध तेवढ्यापुरतं थांबवायचं का हे आधीच ठरवून ठेवणं. किशोरवयीन मुलीला हीच औषधं देताना गर्भधारणेचा विषय काढावाच लागतो, कारण ती गर्भाला घातक आहेत, आणि आईबाबा शेजारी बसलेत अशा व्हिडिओ कॉलवर तो काढणं किती अवघड ते कल्पना करा, त्यामुळे मुलीशी वेगळं बोलायची वेळ ठेवतात. अ‍ॅम्लोडिपिनवर पाय सुजतात का, हिरड्या फुगल्यात का ते विचारायचं. मीठ तर आलंच, अमेरिकेतल्या मराठी घरात लोणचं-पापडाचं नाव निघतं, अमेरिकन घरात पिझ्झा आणि डबाबंद सूपचं. आणि डोकं भयंकर दुखतंय, अंधुक दिसतंय, आकडीचा झटका आलाय असं काही असेल तर कॉल तिथेच संपतो आणि इमर्जन्सीला पाठवतात. आकडा तक्त्यातल्या ९५व्या पर्सेंटाइलच्या आकड्यापेक्षा ३० ने वर किंवा मोठ्या मुलात १८०/१२० च्या वर गेला तरी तेच.

याने फायदा होतो का? मोठ्यांमध्ये होतो, ते चांगलं तपासलंय. २००८ साली वॉशिंग्टन राज्यातल्या ७७८ जणांवरच्या अभ्यासात घरी मोजणी, वेबवरून संवाद आणि फार्मासिस्टची साथ मिळाली त्यांच्यापैकी ५६ टक्क्यांचं बीपी आटोक्यात आलं, नेहमीच्या उपचारात ३१ टक्के. मिनेसोटात २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात फार्मासिस्ट फोनवरून औषधं बदलत होते, तिथेही ६ आणि १२ महिन्यांनी दोन्ही वेळा आटोक्यात असलेले ५७ टक्के, दुसऱ्या गटात ३०. पण हे सगळे प्रौढ. मुलांचं औषध वजनावर, वजन महिन्याला बदलतं, म्हणून हे आकडे जसेच्या तसे मुलांना चिकटवू नयेत.

अडचणी पैशाच्याही आहेत, मेडिकेअर (तिथली मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना) फार्मासिस्टला स्वतंत्र सेवा देणारा मानत नाही, मग बिल बऱ्याचदा डॉक्टरच्या नावाने. आणि मूल दुसऱ्या राज्यात सुट्टीला गेलं तर फार्मासिस्टच्या लायसनचा प्रश्न, कारण ते राज्यापुरतं असतं.

भारतात यातलं बरंच लागू होत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमावलीत औषध लिहिण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरलाच, अल्पवयीन मूल असेल तर ओळख पटवलेला मोठा माणूस सोबत हवा. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी फार्मासिस्टला समुपदेशनाची जागा दिली, म्हणजे औषध कसं घ्यायचं, कुठे ठेवायचं, काय त्रास होऊ शकतो हे तो सांगू शकतो. बाटली हलवा आणि सिरिंज दाखवा हे तो आजही म्हणू शकतो. दीडचे दोन मिलिलिटर करायचे असतील तर मात्र फोन डॉक्टरलाच.