संघ हरतोय म्हणून खेळाडू विकायचे?

३ जानेवारी २०१९ च्या सकाळी एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या गुणतक्त्यात सेंट लुइस ब्लूज ३१ पैकी ३१ व्या क्रमांकावर होते. ३७ सामने, ३४ गुण. प्रशिक्षक माइक यो यांना नोव्हेंबरातच नारळ मिळाला होता. आता खेळाडू विका, अशी ओरड सुरू होती. कर्णधार ॲलेक्स पिएट्रँजेलो आणि हुकमी गोल मारणारा व्लादिमिर टारासेंको यांच्या ट्रेडच्या वावड्या उठत होत्या. (ही बर्फावरची हॉकी, ध्यानचंदांची नव्हे. इथे खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा पुढच्या वर्षांच्या नवोदितांवरचा हक्क दिला जातो, आणि तोही ऐन हंगामात.)

संघात कोण येणार-जाणार हे ठरवणारे जनरल मॅनेजर डग आर्मस्ट्राँग यांनी दोघांनाही हलवलं नाही. १२ जूनला याच संघानं बॉस्टनला सातव्या सामन्यात ४-१ असं हरवून आपला पहिलावहिला स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद जिंकलं.

आर्मस्ट्राँग यांना दैवी दृष्टी होती असं नाही. पण हरणाऱ्या संघाकडे पाहताना गुणतक्ता फसवतो, आणि तो का फसवतो याचं गणित सोपं आहे.

समजा, एक संघ दर सामन्यात ३० शॉट मारतो आणि समोरचेही तेवढेच मारतात. शंभरातले साधारण नऊ आत जातात. २० सामन्यांत ६०० शॉट, म्हणजे ५४ गोल व्हायला हवेत. पण संभाव्यतेच्या नियमानं या ५४ मध्ये सातेक गोल सहज इकडेतिकडे होतात. आपले सात कमी झाले आणि समोरच्यांचे सात वाढले, की १४ गोलांचा खड्डा. सहा गोलांमागे एक विजय हा हॉकीतला ढोबळ हिशेब. म्हणजे कुणाचंच काही न चुकता दोनाहून जास्त विजय हातचे गेले. इतका मोठा खड्डा पडण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास येते. तेव्हाच्या ३१ संघांच्या लीगमध्ये दर वर्षी दोन-तीन संघ निव्वळ योगायोगानं त्यात पडणारच. आणि त्याच संघांच्या मालकांना नेमकी तेव्हा काहीतरी ‘करून दाखवायची’ घाई होते.

म्हणून जाणकार दोन आकडे शेजारीशेजारी ठेवतात. पहिला पीडीओ: आपल्या शॉटपैकी किती टक्के गोल झाले आणि आपल्या गोलरक्षकानं किती टक्के अडवले, यांची बेरीज. सगळ्या लीगची मिळून ती १०० च येते, कारण एकाचा गोल म्हणजे दुसऱ्याचा न अडलेला शॉट. दुसरा कॉर्सी, गोलरक्षकांचे प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्या नावाचा. यात लागलेले, चुकलेले, वाटेत अडवलेले असे सगळे शॉट धरून त्यांत आपला वाटा किती ते बघतात. कॉर्सी ५२ टक्के आणि पीडीओ ९७ असेल, तर गप्प बसावं: खेळ चांगला आहे, फक्त नशीब रुसलंय, आणि पीडीओ सहसा हळूहळू १०० कडे येतो. कॉर्सी ४५ आणि पीडीओ १०० असेल, तर नशीब नेहमीसारखंच आहे, संघच कच्चा आहे. ट्रेडचा विचार तिथे करावा.

मेख एकच. गोलरक्षकच ढेपाळलेला असेल, तर पीडीओ आपोआप वर येत नाही. ब्लूजचं दुखणं बऱ्याच अंशी तेच होतं, आणि औषध घरातच निघालं. २०११ साली नवोदितांमधून निवडलेला गोलरक्षक जॉर्डन बिनिंग्टन वर्षानुवर्षं दुय्यम लीगमध्ये पडून होता. आदल्या हंगामात तर त्याला चक्क बॉस्टनच्याच दुय्यम संघाकडे उसना दिला होता. ७ जानेवारीला तो पहिल्यांदा सुरुवातीपासून गोलपाशी उभा राहिला आणि फिलाडेल्फियाला एकही गोल करू दिला नाही. हंगामाअखेर त्याच्या नावावर २४ विजय होते, अडवलेले शॉट ९२.७ टक्के.

उलट उदाहरण २००५ चं. बॉस्टन हरत होतं, तेव्हा ३० नोव्हेंबरला त्यांनी कर्णधार जो थॉर्नटन सॅन होजेला देऊन तीन खेळाडू घेतले. गंमत म्हणजे सॅन होजेही तेव्हा सलग दहा सामने हरले होते. थॉर्नटननं तिथे ५८ सामन्यांत ९२ गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलांना केलेली मदत मिळून) मिळवले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बॉस्टन प्लेऑफबाहेर, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांबाहेर राहिलं. म्हणजे हरताना ट्रेड करूच नये, असंही नाही. पण एका अस्सल खेळाडूच्या बदल्यात तीन मध्यम घेणं हा माझ्या मते हॉकीतला सर्वांत महाग सौदा. बर्फावर गोलरक्षक धरून सहाच जण असतात. तिघांची बेरीज एका जागेवर बसवता येत नाही.

एका बाबतीत मात्र थांबण्यात अर्थ नसतो. हंगाम खरंच हातचा गेला असेल आणि खेळाडूचा करार उन्हाळ्यात संपणार असेल, तर फेब्रुवारी-मार्चमधल्या मुदतीआधी त्याला द्यावं. नाहीतर तो मोकळा होऊन फुकट जातो.

ब्लूजचा खरा ट्रेड आधीच होऊन गेला होता. १ जुलै २०१८ ला, हंगाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी, त्यांनी बफेलोकडून रायन ओराइली घेतला. प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. फेब्रुवारीतल्या मुदतीला त्यांनी घेतला तो एकच, बचावपटू मायकेल डेल झोटो, आणि प्लेऑफमध्ये त्याला एकदाही बर्फावर उतरवावं लागलं नाही.