नेमबाजीसाठी रायफलचा परवाना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

आधी रायफल पसंत करायची आणि मग परवान्याच्या मागे लागायचे, हा क्रम उलटा आहे. परवान्यावर शस्त्राचा प्रकार आणि बोअर (नळीच्या आतला व्यास) लिहिलेला असतो, त्याबाहेरचे शस्त्र विक्रेता देऊ शकत नाही. म्हणून कोणत्या प्रकारात खेळायचे ते पहिल्यांदा ठरवा.

१० मीटर एअर रायफल खेळणार असाल तर बहुतेकांना परवान्याची गरजच पडत नाही. ४.५ मिमी बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला २०१६च्या शस्त्र नियमांत सूट आहे. दुकानात ओळखपत्र मात्र द्यावे लागते. नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. या प्रकारात लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. श्वास, ट्रिगर आणि उभे राहण्याची पद्धत यांतली प्रत्येक चूक कागदावर उमटते.

५० मीटरसाठी .२२ इंच बोअरची रायफल लागते आणि तिला परवाना हवाच. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच अंतरावरच्या थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभे राहून) प्रकारात. .३०३ किंवा ७.६२ मिमीसारखे लष्करी बोअर प्रतिबंधित गटात मोडतात, त्यामुळे सर्वसाधारण अर्जात ते मागू नका.

अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. १२ वर्षांवरच्या कनिष्ठ नेमबाजांना प्रशिक्षणात, देखरेखीखाली, शस्त्र वापरता येते. शस्त्र अधिनियम, १९५९नुसार हिंसाचाराच्या किंवा अनैतिक गुन्ह्यातली शिक्षा, चांगल्या वर्तणुकीचा जामीन, मानसिक अस्वास्थ्य ही परवाना नाकारण्याची कारणे आहेत. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून मात्र नाकारता येत नाही.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर भरायचा. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर तो आयुक्तांकडे जातो, अन्यथा जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, शस्त्र सुरक्षित वापरण्याचे व ठेवण्याचे हमीपत्र, आणि शारीरिक-मानसिक आरोग्याचा दाखला जोडा. या दाखल्यात अर्जदार नशेच्या पदार्थांवर अवलंबून नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेले असावे. नेहमीचा फिटनेस दाखला इथे चालत नाही. कारणाच्या रकान्यात नुसते ‘खेळासाठी’ लिहू नका. प्रकार, अंतर, बोअर लिहा आणि रायफल क्लब किंवा राज्य संघटनेचे सदस्यत्व, स्पर्धेतल्या गुणांची प्रमाणपत्रे लावा. अर्जाची खरी ताकद याच कागदांत आहे.

पुढे पोलीस पडताळणी. शेजारी चौकशी होते, घरी शस्त्र कुठे ठेवणार हे विचारले जाते. कुलूप लागणारे मजबूत कपाट आधीच बसवलेले असले की उत्तर दाखवता येते. पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हावा, असे नियम सांगतात. नकार आल्यास लेखी कारणे मागा. ती नीट वाचून मुदतीत अपील करा.

परवाना हातात आल्यावर रायफल निवडताना कुंदा (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) तुमच्या खांद्याला आणि गालाला बसतो का ते आधी पाहा. दुसऱ्याची ‘नशीबवान’ रायफल तुमच्या मापाची असेलच असे नाही. खरेदीनंतर तिची नोंद परवान्यावर करून घ्यायला विसरू नका.

वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरून वापरण्याचा विचार कोणी करत असेल तर इथेच थांबावे. दारूगोळ्याच्या निर्मितीसाठी शस्त्र अधिनियमाच्या कलम ५चा वेगळा परवाना लागतो. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही कायद्याच्या व्याख्येत दारूगोळाच आहेत. तसेही .२२ रिमफायर (कडेवर आघात होऊन पेटणारी) काडतुसे पुन्हा भरण्यासाठी बनलेली नसतात. गट घट्ट यायला, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या जवळ लागायला हव्या असतील तर वेगवेगळ्या लॉटची (एकाच वेळी बनलेल्या साठ्याची) काडतुसे रेंजवर, रायफल टेकवून, तपासा. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक दिसतो. चांगला लॉट सापडला की परवान्यावरच्या मर्यादेत तोच घेऊन ठेवा.

परवान्याची मुदत २०१९च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांची आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी द्या. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धक सदस्यांना त्यातून सूट असते, पण ती आपोआप गृहीत धरू नका: सदस्यत्वाचा कागद आणि स्पर्धेचे पत्र घेऊन पोलीस ठाण्यात आधीच जाऊन या.