पोचलं तर पोचलं

पिंपळगाव बसवंतच्या बागेत उभं राहून एखादा बागायतदार द्राक्षाच्या घडाचा फोटो काढतो आणि रॉटरडॅमच्या खरेदीदाराच्या सर्व्हरवर चढवतो. सेकंद-दीड सेकंदात फोटो तिकडे दिसतो. गंमत अशी, की हा फोटो नक्की पोचवीन असं वाटेतल्या एकाही यंत्राने कबूल केलेलं नसतं. ना मोबाइलच्या टॉवरने, ना नाशिकमधल्या राउटरने, ना समुद्राखालच्या केबलने. सगळ्यांचा करार एकच: प्रयत्न करू, पोचलं तर पोचलं. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्या प्रोटोकॉलमधली ही सगळ्यात मूलभूत गोष्ट. कॉलेजात नेटवर्किंगच्या सात थरांची आकृती पाठ करताना नेमकी हीच हातातून निसटते.

जुन्या टेलिफोनचं तसं नव्हतं. नाशिकहून मुंबईला ट्रंक कॉल लागला की दोन टोकांमधली अख्खी लाइन त्या दोघांच्या नावावर होई. बोलणारे गप्प बसले तरी लाइन अडकलेलीच. माणसांच्या बोलण्याला ते परवडायचं. संगणक मात्र क्षणभर भडाभडा बोलतो आणि मग मिनिटभर गप्प बसतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकाला दुसऱ्याच्या कामाचा पत्ता नसताना, एकच उपाय काढला. मजकुराचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घाला आणि एकाच लाइनवर सगळ्यांचे तुकडे मिसळून सोडा. बॅरन यांना अणुहल्ल्यातही टिकेल असं संदेशवहन हवं होतं. डेव्हिस यांना महागड्या संगणकांचा वेळ अनेकांना वाटून द्यायचा होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी आर्पानेट या अमेरिकी जाळ्यावरून पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ टाइप करायचं होतं. पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला.

आपला फोटो धरू ३ एमबीचा. अशा एका तुकड्यात, म्हणजे पॅकेटमध्ये, साधारणपणे १,५०० बाइट मावतात. त्यातले २० बाइट पत्त्याचं काम बघणाऱ्या आयपी या प्रोटोकॉलचे, २० मालाचा हिशेब ठेवणाऱ्या टीसीपीचे. उरले १,४६०, तेवढाच फोटोचा माल. म्हणजे एका फोटोची सुमारे २,०५५ पॅकेटं झाली. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि आतला माल कितव्या बाइटपासून सुरू होतो तो आकडा. राउटर यातला फक्त घेणाऱ्याचा पत्ता बघतो, आपल्या तक्त्यात शोधतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे ढकलतो. मागचं पॅकेट कुठे गेलं हे तो लक्षात ठेवत नाही. रांग भरली असेल तर नवं आलेलं पॅकेट सरळ टाकून देतो, आणि टाकल्याचं कुणाला कळवतही नाही.

पॅकेटवर आणखी एक छोटा आकडा असतो, त्याच्या आयुष्याचा. अँड्रॉइड फोनवरून निघताना तो सहसा ६४ असतो, विंडोजच्या संगणकावरून १२८. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट तिथेच संपलं. दोन राउटर चुकून एकमेकांकडेच बोट दाखवत बसले, तर पॅकेट त्यांच्यात कायमचं फिरत राहू नये म्हणून ही सोय. या आकड्याचा एक भलताच उपयोग पुढे झाला. त्याकडे शेवटी येऊ.

सुरुवातीच्या आर्पानेटमध्ये मधली यंत्रंच माल पोचवण्याची जबाबदारी घेत. फ्रान्समध्ये लुई पूझँ यांनी ती जबाबदारी टोकांच्या संगणकांवर टाकून पाहिली, आणि व्हिंट सर्फ व बॉब कान यांनी १९७४ च्या त्यांच्या निबंधात तोच विचार पुढे नेला. हिशेब टोकांनी ठेवायचा, मधल्यांनी नुसतं ढकलायचं. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेट या टीसीपी-आयपी पद्धतीवर आलं. माझ्या मते इंटरनेट एवढं फोफावलं ते या एका निर्णयामुळे. मधल्या यंत्रांना फोटो, व्हिडिओ, बँकेचा व्यवहार यातलं काही कळत नाही, म्हणून नवं काही सुरू करायला त्यांची परवानगीही लागत नाही.

टोकांवरचा हिशेब ठेवतो टीसीपी. आधी ओळखपाळख: फोन म्हणतो, ‘जोडू का?’ सर्व्हर म्हणतो, ‘जोड, माझा आकडा अमुकपासून सुरू.’ फोन म्हणतो, ‘मिळालं.’ मग माल सुटतो. समजा पहिली दहा पॅकेटं पोचली, अकरावं वाटेत गळालं आणि बारावं-तेरावं-चौदावं पोचलं. सर्व्हर प्रत्येक वेळी एकच उत्तर देत राहतो: ‘१४,६०१ व्या बाइटची वाट बघतोय.’ तीनदा तेच ते उत्तर आलं की फोन समजतो, अकरावं गेलं. आणि तेवढंच पुन्हा पाठवतो. बारावं ते चौदावं सर्व्हरने बाजूला जपून ठेवलेलं असतं. उत्तरच आलं नाही, तर फोन ठरावीक वेळ थांबून पुन्हा पाठवतो.

हा ठरावीक वेळ किती असावा, यात एकदा सगळं जाळं बुडायला आलं होतं. ऑक्टोबर १९८६ ची गोष्ट. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामध्ये अंतर ४०० यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर. पंचवटीत रामकुंडावरून काळाराम मंदिरात चालत जावं, त्याहून जास्त नाही. तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून घसरून ४० बिटवर आला. सेकंदाला पाच अक्षरं! यंत्र एकही बिघडलं नव्हतं. झालं असं, की रांगा लांबल्या, त्यामुळे पोच उशिरा येऊ लागली. पोच आली नाही म्हणून प्रत्येक संगणकाने तेच पॅकेट पुन्हा पाठवलं. त्यामुळे रांगा आणखी लांबल्या. लाइन गच्च भरलेली, पण बहुतेक माल दुबार.

व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने यावर काढलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचं मूळ रूप आजही चालू आहे. एक तर पोच यायला सरासरी किती वेळ लागतो आणि तो किती वर-खाली होतो, हे सतत मोजत राहायचं आणि त्यावरून थांबण्याचा वेळ ठरवायचा. दुसरं, माल एकदम ओतायचा नाही. थोडी पॅकेटं सोडायची. सगळ्यांची पोच आली तर पुढच्या फेरीत दुप्पट. पॅकेट गळालं की समजायचं वाटेत गर्दी आहे, आणि आपला वेग निम्मा करायचा. मग पुन्हा हळूहळू, फेरीला एकेक पॅकेट वाढवत वर चढायचं. यावर देखरेख करणारा कुणी नाही. जगातला प्रत्येक फोन आणि संगणक आपणहून माघार घेतो, कारण त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तसं लिहिलंय. अब्जावधी यंत्रं रोज हे पाळतात याचं मला अजून नवल वाटतं; आपल्याकडे द्वारका चौकात कुणी आपणहून निम्मा वेग करून दाखवावा.

आपल्या फोटोला हे लावून बघू. आता सुरुवात सहसा दहा पॅकेटांनी होते. मग २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०. सात फेऱ्यांत झाली १,२७०. आठव्या फेरीत उरलेली ७८५ संपतात. एका फेरीला किती वेळ? मुंबईहून समुद्राखालून मार्सेय आणि तिथून रॉटरडॅम, म्हणजे दहाएक हजार किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जायला ५० मिलिसेकंद, यायला ५०. आठ फेऱ्या आणि सुरुवातीची जोडणी धरली तर सेकंदभर. म्हणूनच १०० एमबीपीएसचा प्लॅन सोडून ३०० चा घेतला, तरी असा एखादा फोटो तिप्पट वेगाने जात नाही. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत लाइन जवळजवळ रिकामीच असते. जाहिरातीत पाइपाची रुंदी सांगतात, लांबी कुणी सांगत नाही.

जेकबसन यांच्या नियमात एक गृहीतक आहे: पॅकेट गळालं म्हणजे गर्दी. तारेवर ते बहुधा खरं असतं. हवेतून जाताना पॅकेट नुसत्या खराब सिग्नलनेही गळतं आणि टीसीपी उगाचच माघार घेतो. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर दोन्ही कारणं एकत्र येतात. टॉवरवर खरीच गर्दी असते, शिवाय हजारो फोन एकमेकांच्या सिग्नलमध्ये गोंगाट करत असतात. मोबाइलच्या यंत्रणा हवेत बिघडलेला तुकडा टॉवर आणि फोन यांच्यातच परस्पर पुन्हा पाठवून ही गळती बरीचशी झाकतात.

व्हिडिओ कॉलला हा सगळा हिशेब नको असतो. दोन सेकंदांपूर्वीचा गळालेला आवाज आता पोचून काय उपयोग? तिथे १९८० पासूनचा यूडीपी वापरतात: पॅकेट सोड आणि विसर. याच यूडीपीच्या पाठीवर नवा हिशेब रचून क्विक नावाचा प्रोटोकॉल तयार झाला, २०२१ मध्ये त्याचं प्रमाण ठरलं आणि आज कित्येक मोठ्या संकेतस्थळांवर टीसीपीच्या जागी तोच धावतो. जोडणी आणि मजकुराला गुप्ततेचं कुलूप लावणं या दोन्ही गोष्टी तो एकाच फेरीत उरकतो.

पत्त्यांचंही थोडं. माणसं नावं टाइप करतात, पॅकेटवर आकडे लागतात. नावाचा आकडा करून देणारी डीएनएस यंत्रणा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली. जुन्या पद्धतीचे आकडे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्यातले शेवटचे मोकळे गठ्ठे जागतिक संस्थेने ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून टाकले. त्यामुळे सिडकोतल्या किंवा इंदिरानगरच्या एका अख्ख्या गल्लीला केबलवाला बहुधा एकच सार्वजनिक पत्ता पुरवतो आणि आतल्या आत सगळ्यांना खासगी आकडे देतो. आतून बाहेर जायला अडचण नाही. बाहेरून आत यायला दार नाही. बागेत बसवलेला सीसीटीव्ही घरून थेट उघडत नाही आणि कंपनीच्या ॲपमधूनच बघावा लागतो, त्याचं एक मोठं कारण हे. नव्या आयपीव्ही६ पत्त्यांत ही टंचाई नाही आणि ते वापरण्यात भारतातले मोबाइल जगात आघाडीवर आहेत.

आता वाट कोण ठरवतं? जगातली हजारो नेटवर्कं एकमेकांना सांगत असतात, ‘हे पत्ते माझ्याकडून पोचतील.’ या बोलण्याचा प्रोटोकॉल बीजीपी. १९८९ मध्ये कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर तो मांडला. शेजाऱ्याचं बोलणं खरं मानायचं, हा त्याचा पाया. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तानच्या टेलिकॉम कंपनीने देशापुरतं यूट्यूब बंद करायला म्हणून ‘यूट्यूबचे पत्ते माझ्याकडे’ अशी घोषणा केली. ती घोषणा देशाबाहेर गळली आणि सुमारे दोन तास जगभरची यूट्यूबची पॅकेटं पाकिस्तानात जाऊन मरत होती. आता घोषणांवर डिजिटल सह्या तपासायची पद्धत येते आहे, पण सगळीकडे अजून नाही.

तरी हाच भोळा प्रोटोकॉल अडचणीत कामाला येतो. २०२४ च्या हंगामात नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारांना तांबडा समुद्र चांगलाच नडला. हुथींच्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला, भाडी चढली, आणि रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमधला नाजूक माल जास्त दिवस पाण्यावर राहिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत तांबड्या समुद्राच्या तळाशी काही केबलही तुटल्या. त्यात एएई-१ आणि ईआयजी या मुंबईला येणाऱ्याही होत्या. केबल तुटली तशा बीजीपीच्या घोषणा मागे घेतल्या गेल्या आणि पॅकेटं दुसऱ्या केबलवरून वळली, काही जवळच्या, काही पार सिंगापूरकडून. कंटेनरचा वळसा ठरवायला बैठका लागतात, इथे राउटरच आपापसांत ठरवतात. फोटो चढवणाऱ्या फोनला कळलं एवढंच, की पोच आता उशिरा येते आहे. त्याने थांबण्याचा वेळ वाढवून घेतला.

हे घरबसल्या बघता येतं, आणि इथे तो आयुष्याचा आकडा कामाला येतो. जेकबसन यांनीच ट्रेसरूट नावाचं एक छोटं साधन लिहिलं. ते मुद्दाम आयुष्य १ असलेलं पॅकेट सोडतं. पहिल्या राउटरवर ते मरतं आणि तो राउटर ‘माझ्याकडे मेलं’ असं कळवतो. मग आयुष्य २, मग ३. मरणाच्या या बातम्या जोडल्या की वाट उलगडते. गंगापूर रोडच्या एखाद्या घरातून युरोपातल्या सर्व्हरपर्यंत चालवलं तर पहिली ओळ बहुधा १९२.१६८.१.१, तुमचाच वायफाय राउटर, वेळ मिलिसेकंद-दोन मिलिसेकंद. पुढे १० ने किंवा १००.६४ ने सुरू होणारे आकडे: केबलवाल्याचं आतलं जाळं. मग मुंबई, अजून वेळ दहाच्या आसपास. आणि मग एका ओळीत आकडा एकदम शंभराच्या वर उडी मारतो. त्या दोन ओळींच्या मध्ये अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र आहेत.

काही ओळींवर वेळेच्या जागी नुसत्या चांदण्या (*) दिसतात. त्या राउटरने उत्तर द्यायचं नाकारलंय, इतकंच. एकाच ओळीवर वेळ वाढून पुढच्या ओळींत पुन्हा उतरला, तरी काळजी नको. राउटरला पॅकेटं ढकलण्यापुढे उत्तरं लिहिणं दुय्यम असतं. पहिलीच ओळ पन्नास-शंभर दाखवत असेल तर दोष वायफायचा; राउटर भिंतीआडून बाहेर काढा किंवा केबल लावून बघा. उडी समुद्रावरच मोठी असेल तर नाशिकमध्ये कुणाला फोन करून उपयोग नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळे आकडे चढलेले, आणि तेही रोज रात्री नऊ ते अकरा, तर केबलवाल्याने एका लाइनवर जास्त घरं जोडली असण्याची शक्यता दाट. त्याला ‘नेट स्लो आहे’ एवढंच न सांगता दुपारचा आणि रात्रीचा असे दोन स्क्रीनशॉट पाठवावेत.