संस्थांसाठीचे टिकाऊ फर्निचर (वडोदरा)

शाळा, वसतिगृह, वाचनालय, दवाखाना यांचे फर्निचर घरगुती फर्निचरपेक्षा वेगळ्या हिशेबाने बांधावे लागते. वर्गातला बाक रोज ओढला जातो, मुले त्यावर उभी राहतात आणि दोन पाळ्यांच्या शाळेत तो दिवसातून दोन वर्गांच्या वाट्याला येतो.

वडोदऱ्यात अशा कामाची गरज जुनी आहे. तंत्रशिक्षण देणारी कलाभवन ही संस्था १८९० मध्ये सुरू झाली. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील पोलादी मांडण्या आजही पाहण्यासारख्या आहेत. संखेड्याचे लाखकामाचे सागवानी फर्निचर शेजारचेच, पण ते दिवाणखान्यासाठी. वर्गातली ओढाताण हे त्याचे काम नव्हे.

आजचा दोघांचा बाक बहुधा २५ × २५ मिमी चौकोनी लोखंडी पाइपचा असतो. पाइपच्या पत्र्याची जाडी, म्हणजे गेज, १६ (१.६ मिमी) घ्यावी; १८ गेज (१.२ मिमी) स्वस्त पडतो, पण वेल्डिंग करताना त्याला भोक पडण्याचा धोका जास्त. खरेदीदार गेज विचारतात आणि सांध्याकडे पाहत नाहीत, ही मोठी चूक आहे. बाक पाइपच्या मधोमध क्वचितच मोडतो. तो मोडतो बैठकीची आडवी पट्टी पायाला मिळते तिथे. म्हणून पाइप कापल्यावर कडा घासून घ्याव्यात, सांगाडा जिगमध्ये (तुकडे जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यात) आवळून आधी सगळीकडे वेल्डिंगचे छोटे टाके मारावेत आणि मग समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून पूर्ण वेल्ड कराव्यात. एकाच कोपऱ्यापासून सलग वेल्ड करत गेल्यास उष्णतेने सांगाडा पिळतो. दोन्ही कर्ण मोजावेत. फरक २ मिमीच्या आत हवा, नाहीतर बाक डुगडुगतो आणि प्रत्येक हिसका त्याच सांध्यावर येतो. त्या कोपऱ्यात त्रिकोणी पत्रा जोडावा. दिसायला गुळगुळीत व्हावे म्हणून वेल्ड ग्राइंडरने पाइपच्या पातळीला आणणे टाळावे. त्यात जोडाचा धातूच जातो.

रंगाआधी तेल आणि गंज काढून फॉस्फेटचा थर द्यावा लागतो. ही पायरी घाईत उरकली की पावडर कोटिंग (भुकटीच्या रूपात फवारून भट्टीत पक्का केलेला रंग) पापुद्र्याने सुटते. कोटिंग ६०–८० मायक्रॉनचे असावे आणि भट्टीत धातू साधारण १८०–२०० अंश सेल्सिअसला सुमारे १० मिनिटे राहावा.

फळीसाठी १८ मिमी ओलावा सोसणारा प्लाय, वर सनमायका आणि चारही कडांना पट्टी. भुशाची दाबीव फळी पाणी लागताच फुगते, स्क्रू धरत नाही. फळी आरपार बोल्ट आणि घट्ट राहणाऱ्या नायलॉन नटांनी बसवावी, म्हणजे पुढे फक्त फळी बदलता येते.

गंजाची सुरुवात खालून होते. फरशी धुताना पाणी उघड्या पाइपात शिरते. शहरातल्या विश्वामित्री नदीला पूर आला (२०१९, २०२४) तर आत गाळही बसतो. पायाचे टोक पत्र्याने बंद करून त्यावर प्लास्टिकचा बूट चढवावा. नुसता बूट असेल तर तो झिजतो किंवा निघून जातो, आणि मग पाइप फरशीवर घासत कुजतो. शाळेने दर उन्हाळी सुट्टीत बूट तपासावेत आणि नट आवळून घ्यावेत.

मापे इयत्तेप्रमाणे बदलतात. वरच्या वर्गांना बैठक ४५ सेंमी, लिहिण्याची फळी ७५ सेंमी उंचीवर चालते. पहिली-दुसरीला तोच बाक दिला तर पाय लोंबकळतात आणि मूल आडव्या पट्टीवर पाय रोवून बसते. ती पट्टी त्या भारासाठी बनवलेली नसते.