दुखत नाही म्हणून जिभेची जखम साधी नसते

मराठवाड्यात जिभेवर फोड आला की घरोघरी एकच निदान होतं: उष्णता वाढली. मग सब्जा, गुलकंद, मेडिकलवरच्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. त्यावर "दुखत नाही ना? मग काही नाही," असा दिलासा. हा दिलासाच घातक आहे. नेहमीचं तोंड येतं ते ठणकतं, पण बहुधा आठ-पंधरा दिवसांत बरं होतं. जिभेचा कॅन्सर मात्र सुरुवातीला अनेकदा दुखतच नाही. कानात कळ, जड झालेली जीभ, मानेत गाठ, ही बहुतेक वेळा उशिराची लक्षणं.

हा कॅन्सर बहुधा जिभेच्या कडेला होतो, म्हणून आरशात नुसता शेंडा पाहून भागत नाही. जीभ एकेका बाजूला वळवून कडा बघा, स्वच्छ बोटानं चाचपा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा (हा जास्त धोक्याचा), हाताला कडक लागणारी जागा किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. दाढ टोचते म्हणून जखम झाली असेल, तर दाढ गुळगुळीत केल्यावर ती दोनेक आठवड्यांत भरायला हवी. तंबाखू, गुटखा, मिश्रीनं धोका खूप वाढतो, पण यातलं काहीच न घेणाऱ्यांनाही हा आजार होतो.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" या भीतीनं किती माणसं महिने घालवतात! बायोप्सीनं, म्हणजे तपासणीसाठी जखमेचा छोटा तुकडा काढल्यानं, तो पसरत नाही, आणि तिच्याशिवाय निदान पक्कं होत नाही. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय दोन्ही आहेत.